लिव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम: पाच तारे, पण घाई करू नका

‘आठ दिवस घेतली, काहीच फरक नाही,’ म्हणून थायरॉइड ग्रंथी कमी काम करते तेव्हा घ्यायची ही गोळी बंद करणाऱ्या बायका मी पाहते तेव्हा जीव तुटतो. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि हीच गोळी रोज घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोळीत असतं टी-४, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक. शरीरात त्याचं एक आयोडीन निघतं आणि टी-३ तयार होतं. खरं काम त्याचं. ते पेशीच्या केंद्रकात शिरतं. तिथे थायरॉइड रिसेप्टर, म्हणजे टी-३ला धरणारं प्रथिन, आधीपासूनच डीएनएवर बसलेला असतो, बहुतेकदा आरएक्सआर या दुसऱ्या रिसेप्टरच्या जोडीने. आणि तो नुसता वाट बघत नसतो! टी-३ नसेल तेव्हा तो को-रिप्रेसर प्रथिनं धरून ठेवतो आणि जनुकाचं वाचन दाबतो. मला हे दरवर्षी शिकवताना तितकंच विलक्षण वाटतं. टी-३ येऊन बसलं की रिसेप्टरचा आकार बदलतो, को-रिप्रेसर सुटतात, वाचनाला मदत करणारे को-अ‍ॅक्टिव्हेटर येतात, हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए सैल होतो आणि एमआरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, बनू लागतो. मग प्रथिनं, आणि त्यानंतर कुठे थकवा, बद्धकोष्ठता, सारखी वाजणारी थंडी कमी होते. त्यात टी-४चं अर्धायुष्य (निम्मं शरीरातून जायला लागणारा वेळ) सुमारे ७ दिवस, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिरावायलाच पाच-सहा आठवडे जातात. आठ दिवसांत काय दिसणार?

मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत मात्र उलटं घडतं. तिथे टी-३ बसलेला रिसेप्टर टीएसएचचं, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचंच, जनुक दाबतो. माझा टीएसएच ११.४ वरून ३.१ वर आला, तो याच मार्गाने. म्हणून तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करा, आधी नको.

सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. बाटली ओट्याजवळच्या दमट कपाटात नको. कंपनी शक्यतो बदलू नका. बदललीच तर टीएसएच पुन्हा बघा. बरं वाटत नाही म्हणून डोस मनानेच वाढवू नका, छाती धडधडायला लागते. आणि दिवस राहिले तर डॉक्टरांना लगेच सांगा, तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो.