माळ्यावरचा पीसी फाइल सर्व्हर म्हणून: आठ महिने वापरल्यावर

आमचा लग्नाच्या फोटोंचा छोटा स्टुडिओ. मागच्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेला कोअर टू ड्युओ पीसी खाली काढला, त्यात लिनक्स टाकलं, सांबा (लिनक्सवरचं फोल्डर विंडोजवाल्यांना नेटवर्कवर वापरू देणारं सॉफ्टवेअर) लावलं आणि सगळ्यांची कामं एका हार्डडिस्कवर आणली. पेनड्राइव्ह शोधत फिरणं थांबलं, एवढ्यावरच मी खूश होतो.

मग पहिलं मोठं लग्न आलं. ६४ जीबीचं कार्ड कॉपीला लावलं तर वेग सेकंदाला ११ एमबी, आणि काटा तिथेच खिळलेला. दीड तासाच्या वर गेला. पीसीच्या मदरबोर्डवरचं नेटवर्क १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून त्याला आठने भागा, साडेबारा एमबी येतात. वरखर्च वजा जाता अकरा-साडेअकराच हाती लागणार. म्हणजे ते बिचारं चोख काम करत होतं. बिलं, पीडीएफ, अकाउंटचा डेटा याला एवढा वेग भरपूर होतो. काउंटरवरचा पीसी आजही शंभरवरच आहे, कुणाची कुरकुर नाही.

आम्हाला मात्र पुरेना. जुन्या बाजारातून रिअलटेक ८१६९ चिपचं गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) नेटवर्क कार्ड आणून बोर्डवरच्या पीसीआय या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसवलं. वेग? अकराच! दुकानदाराला मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं. नंतर इथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणारी लिनक्सची कमांड) चालवून पाहिलं, तर लिंकच १०० ची जुळलेली. भिंतीवरचा बॉक्स उघडला तेव्हा चोर सापडला: केबलमधली निळी जोडी सोडवून कुणीतरी इंटरकॉमला दिली होती. शंभरला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला पत्ताच नाही. गिगाबिटला चारही हव्यात. निळी परत जागेवर बसवली आणि लिंक १००० वर आली. (इंटरकॉम गेला. वडील आता चहाला जिन्यातून हाक मारतात.)

आता आयपर्फ (नुसत्या नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) ६०० एमबीपीएसच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ७५ एमबी दाखवू लागलं, पण फाइल कॉपी ३५-३८ एमबीवर अडकली. यात माझा आठवडा गेला. साध्या पीसीआय बसची (स्लॉटमधल्या कार्डांचा डेटा जातो त्या सामायिक वाटेची) क्षमता कागदावर सेकंदाला १३३ एमबी, आणि तीही सगळ्या स्लॉटमध्ये वाटून. माझी हार्डडिस्कसुद्धा एका पीसीआय साटा कार्डावर (साटा म्हणजे हार्डडिस्कची जोडणी) होती. म्हणजे प्रत्येक फोटो त्याच अरुंद गल्लीतून दोनदा जायचा, एकदा नेटवर्ककडून मेमरीत, एकदा मेमरीतून डिस्ककडे. डिस्क बोर्डवरच्या साटा पोर्टला लावली आणि वेग साठच्या घरात गेला. सांबाच्या फाइलमध्ये मी कुठल्याशा जुन्या सल्ल्यावरून सॉकेट ऑप्शन्सची ओळ चिकटवली होती, बफर (येणारा-जाणारा डेटा तात्पुरता थांबतो ती जागा) ८१९२ वगैरे. ती काढल्यावर आणखी थोडा सुधारला. लिनक्स बफर स्वतःच जुळवतं. आपण आकडा ठोकला की त्याचे हात बांधले जातात.

फेब्रुवारीत नवा लॅपटॉप आला, विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती. तो शेअर उघडेचना. या आवृत्तीत एसएमबी सायनिंग (फाइल शेअरिंगच्या प्रत्येक पाकिटावर खरेपणाची डिजिटल सही) मुळातच सक्तीचं आहे आणि मी सगळं पासवर्डविना, गेस्टवर चालवत होतो, तिथे सही होतच नाही. प्रत्येकाचा युजर तयार केला, एसएमबीपासडब्ल्यूडी या सांबाच्या कमांडने पासवर्ड दिले, काम झालं. पण प्रत्येक पाकिटावर सही करायचं गणित या प्रोसेसरला जड जातं, एईएसची (त्या सहीमागच्या सांकेतिक गणिताची) वेगळी सोय त्यात नाही. टॉप (प्रोसेसरवरचा भार दाखवणारी कमांड) लावला की एक कोअर पार घामाघूम. त्या लॅपटॉपवरून ४५ च्या वर जात नाही. सायनिंग बंद करता येतं, मी केलेलं नाही. गिऱ्हाइकांचे फोटो आहेत.

छोट्या फाइलींचं दुखणं मात्र कायम आहे. तीन हजार थंबनेलचं फोल्डर अजून रडतरखडतच जातं, कारण तिथे वेळ खातं ते दर फाइलमागचं उघड-बंद. अशी फोल्डर आम्ही झिप करून टाकतो.

बोर्डवर एक छोटा पीसीआय एक्सप्रेस (पीसीआयनंतरची नवी पद्धत) स्लॉट रिकामा आहे, हे मला सहाव्या महिन्यात दिसलं. त्याची वाट स्वतंत्र आणि रुंद. पहिल्या दिवशी त्यात बसणारंच कार्ड घ्यायला हवं होतं. तुमच्या बोर्डवर तो असेल तर जुन्या पीसीआयच्या नादी लागू नका. माझं पीसीआय कार्ड चालतंय तोवर चालू दे. ६४ जीबीला आता वीस मिनिटं लागतात.