पार्कर जॉटर : नाव मोठं आहेच, पण पैसे वसूल होतात ते रिफिलमुळे

सरळ मुद्द्यावर येते. दिवसभर हाताने लिहावं लागत असेल आणि एकच बॉलपेन घ्यायचं असेल तर पार्करचं जॉटर घ्या, आणि घेताना बाहेरच्या नावाकडे कमी आणि आतल्या रिफिलकडे जास्त बघा. क्लिपवर बाण दिसला, नाव ओळखीचं वाटलं की लोक पेन खिशाला लावतात आणि मोकळे होतात, उघडून आत काय आहे ते बघतच नाहीत. या पेनातली खरी कारागिरी मात्र आतच आहे.

जॉटर १९५४ साली आलं. तोपर्यंत अमेरिकेत बॉलपेनची लाट येऊन बरीच वर्षं झाली होती, १९४५ मध्ये पहिली बॉलपेनं विकायला आली तेव्हा दुकानांत झुंबड उडालेली, पण ती पेनं गळायची, मध्येच लिहायची थांबायची आणि हाताला शाई लावायची, लोक वैतागले. पार्कर कंपनी तेव्हा फाउंटन पेनांत राजा होती, तिने घाई केली नाही. मग जॉटर आणलं तेव्हा त्यातली रिफिल चांगली मोठी होती, म्हणजे एकदा घातली की बराच काळ बघायला नको. पुढे १९५७ मध्ये टोकाची गोळी टंगस्टन कार्बाइड या फार कठीण पदार्थाची केली, तिचा पृष्ठभाग मुद्दाम किंचित खरखरीत ठेवला, म्हणजे गुळगुळीत कागदावर ती नुसती घसरत न जाता फिरते आणि शाई सोडते. आज आपण ज्या गोष्टी कोणत्याही बऱ्या बॉलपेनात गृहीत धरतो त्यातल्या कितीतरी तेव्हा या एका पेनात एकत्र आल्या.

आता जरा हातात घेऊन बघा. मधल्या जोडावर फिरवलं की पेनचे दोन भाग होतात, पुढच्या नळीत एक स्प्रिंग आणि तिच्यात उभी राहणारी जाड धातूची रिफिल, बाकी काही नाही. रिफिलच्या वरच्या टोकाला प्लास्टिकची छोटी टोपी असते आणि तिच्यावर खाचा असतात. या खाचा शोभेच्या नाहीत बरं का. बटण दाबलं की वरच्या यंत्रणेचे दाते त्या खाचांत बसतात आणि रिफिल दर क्लिकला थोडी फिरते, त्यामुळे टोक एकाच बाजूने झिजत नाही. मी तिरकं धरून लिहिते, तिरकं धरणाऱ्यांचं पेन एका बाजूने लवकर खराब होतं, त्यांना याचा उपयोग सगळ्यात जास्त. इतक्या साध्या वस्तूत कोणीतरी इतका विचार केलाय हे मला फार आवडतं.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. या रिफिलचा आकार इतका चालला की बाकीच्या कंपन्यांनीही तोच उचलला, आता त्याला आयएसओ १२७५७ या मानकात जी२ असं नाव आहे, पण पाकिटावर लोक लिहितात काय तर ‘पार्कर टाइप’. श्मिट, श्नायडर, माँटेव्हर्दे अशा कितीतरी कंपन्या या मापाच्या रिफिल करतात, फेबर-कॅस्टेल आणि पेलिकनची चांगली बॉलपेनंही हीच रिफिल घेतात, फिशरची ती अंतराळवाली दाबाची रिफिलसुद्धा मागे प्लास्टिकचा छोटा तुकडा लावला की यात बसते. म्हणजे जॉटर घेतलं की तुम्ही एका कंपनीच्या शाईला बांधले जात नाही. जेल हवी जेल घाला, एकदम मऊ चालणारी हवी तर तशी घाला, पेन तेच. लॅमी किंवा क्रॉसचं बॉलपेन घेतलं तर त्यांच्या रिफिलचं माप वेगळं, तिथे ही मोकळीक नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा, पायलटचं जी२ नावाचं जेल पेन खूप खपतं, त्याची रिफिल लांब असते आणि ती यात बसत नाही, नाव सारखं बघून घेऊ नका.

माणसाचं आडनाव एखाद्या वस्तूचं माप होऊन बसणं ही साधी गोष्ट नाही, आणि म्हणूनच या आडनावाबद्दल थोडं लिहायचंय. पार्कर म्हणजे मुळात इंग्लंडमधला शिकारीच्या राखीव रानाचा राखणदार. नॉर्मन लोक आले, राजे-सरदारांनी हरणांसाठी कुंपणं घालून रानं राखली, त्यांची राखण करणारा तो पार्कर. अशी रानं देशभर होती म्हणून राखणदारही सगळीकडे, आणि एकमेकांशी काडीचं नातं नसलेली असंख्य घराणी तेच आडनाव लावू लागली. त्यामुळे नुसतं पार्कर शोधलं तर काय काय समोर येतं बघा, क्लीव्हलँडमध्ये १९१७ साली सुरू झालेली आणि आता हायड्रॉलिकचे पाइप-व्हॉल्व्ह करणारी प्रचंड मोठी कंपनी, बॉस्टनचं १८५५ सालचं हॉटेल जिथले पाव त्याच नावाने प्रसिद्ध झाले, सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, केंब्रिजमधलं जुन्या हस्तलिखितांचं ग्रंथालय जे सोळाव्या शतकातल्या आर्चबिशप मॅथ्यू पार्करच्या संग्रहातून उभं राहिलं, आणि कोळ्याचा पोशाख घालून भिंती चढणारा पोरगा, स्पायडरमॅन पीटर पार्कर, तर सगळ्यांना माहीतच आहे.

पेनवाला पार्कर म्हणजे जॉर्ज सॅफर्ड पार्कर. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलमध्ये तो तारायंत्र शिकवायचा आणि जोडधंदा म्हणून विद्यार्थ्यांना दुसऱ्या कंपनीची फाउंटन पेनं विकायचा. ती पेनं गळायची. पोरं त्याच्याकडेच घेऊन यायची, तो दुरुस्त करून द्यायचा, दुरुस्त करता करता त्याला पेनचं आतलं सगळं कळत गेलं, आणि १८८८ मध्ये त्याने स्वतःचीच कंपनी काढली. १८९४ चं त्याचं पेटंट बघा, त्यात शाई नेणारी पट्टी मागच्या बाजूला वाकवलेली आहे, म्हणजे तिचं टोक आतल्या भिंतीला टेकतं आणि पेन खिशात उभं ठेवलं की पट्टीत अडकलेली शाई भिंतीवरून परत टाकीत उतरते, टोपणात सांडत नाही. याला लकी कर्व्ह म्हणायचे. गळतीच्या एका तक्रारीतून पूर्ण कंपनी उभी राहिली आणि जॉटरमध्येही तीच वृत्ती दिसते, आधी त्रास नीट समजून घ्यायचा आणि मग वस्तू करायची.

गंमत म्हणजे त्याच काळात दुसरा एक जॉर्ज एस. पार्कर होता, जॉर्ज स्विनर्टन पार्कर, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलेमचा. त्याने १८८३ मध्ये शाळकरी वयात पहिला खेळ छापून विकला आणि पुढे पार्कर ब्रदर्स कंपनी झाली, १९३५ मध्ये मोनोपॉली बाजारात आणणारी तीच. दोन्ही कंपन्यांचा एकमेकींशी संबंध नाही, लोक अजूनही गल्लत करतात.

पण लिहिण्याच्या बाबतीत विचाराल तर माझ्या मते सगळ्यात मोठा पार्कर पेनवाला नाहीच, शाळावाला आहे. फ्रान्सिस वेलँड पार्कर, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला, म्हणून सगळे त्याला कर्नल म्हणायचे. झालं असं की मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावच्या शाळा समितीने १८७३ मध्ये वार्षिक परीक्षा जरा वेगळ्या पद्धतीने घेतली, आणि लक्षात आलं की मुलांना व्याकरणाचे नियम घडाघडा येतात पण साधं पत्र लिहिता येत नाही. घोकलेल्या पुस्तकातला धडा छान वाचतात, अनोळखी पुस्तक दिलं की अडखळतात. इतकी वर्षं शाळेत घालवून चार ओळींचं पत्र नाही! मग १८७५ मध्ये पार्करला शाळांचा प्रमुख म्हणून आणलं. जर्मनीत जाऊन तिथल्या शिक्षणपद्धती त्याने अभ्यासल्या होत्या. त्याने नियम आणि शब्दांच्या याद्या घोकून घेणं बंद केलं, मुलांनी स्वतः बघितलेलं, केलेलं आधी बोलायचं आणि मग लिहायचं, लिहिता लिहिता स्पेलिंग आणि व्याकरण येईल असा त्याचा भरवसा होता. बघायला माणसं लांबून यायला लागली. पुढे तो शिकागोला शिक्षक घडवायच्या कॉलेजात गेला, तिथल्या सराव शाळेत जॉन ड्यूई या नामांकित शिक्षणतज्ज्ञानेसुद्धा आपली मुलं घातली होती आणि ड्यूईच त्याला नव्या शिक्षणाचा जनक म्हणायचा. १९०१ मध्ये शिकागोत त्याच्या नावाची फ्रान्सिस डब्ल्यू. पार्कर शाळा सुरू झाली, दुसऱ्याच वर्षी तो गेला, शाळा अजून चालू आहे. त्याच विचारांवर १९१२ मध्ये सॅन डिएगोतही शाळा निघाली, तिलाही त्याचंच नाव आहे. पेन कितीही सुरेख असलं तरी त्यातून काय उतरायचं ते असं कोणीतरी शिकवावं लागतं, म्हणून मी या माणसाला वरचं स्थान देते.

आणि एक पार्कर तर सूर्याजवळ फिरतोय. यूजीन पार्करने १९५८ मध्ये मांडलं की सूर्यातून कणांचा वारा सतत वाहत असतो, तो लेख तपासणाऱ्या दोघांनी नापसंत केला, तरी संपादक असलेल्या सुब्रमण्यन चंद्रशेखर यांनी तो छापला. स्वतःला पटला नसतानाही छापला, कारण गणितात चूक सापडत नव्हती. काही वर्षांतच यानांनी तो वारा मोजला. २०१८ मध्ये नासाने पार्कर सोलर प्रोब सोडलं, हयात माणसाचं नाव दिलेलं नासाचं ते पहिलं यान, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवर जाऊन आलं.

हे सगळं पेनच्या रिव्ह्यूत कशाला, तर आडनाव कोणाच्या मालकीचं नसतं हे लक्षात यावं म्हणून. खुद्द पेन कंपनीसुद्धा पार्कर घराण्याकडे राहिलेली नाही, १९९३ मध्ये जिलेटने घेतली, २००० मध्ये न्यूवेलकडे गेली, इंग्लंडमधला न्यूहेवनचा जुना कारखाना बंद झाला आणि काम फ्रान्सला गेलं. १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीवर सही करताना अमेरिकी सेनापती मॅकआर्थरने बायकोचं लाल डुओफोल्ड, म्हणजे पार्करचंच फाउंटन पेन, वापरलं, ते ऐकून छान वाटतं, पण तुमच्या हातातलं पेन त्यामुळे चांगलं ठरत नाही. मालक बदलले, कारखाने बदलले, रिफिलचं माप बदललं नाही, आणि माझा विश्वास त्या मापावर आहे.

आता उणिवा. पेन बारीक आहे, मोठ्या पंजाच्या माणसाला सलग लिहिताना बोटं आवळून धरावी लागतात. रबराची पकड नाही, आणि पूर्ण स्टीलचं मॉडेल घाम आलेल्या हातात सरकतं, त्यामुळे जास्त लिहिणाऱ्यांनी प्लास्टिकची नळी आणि स्टीलची टोपी असलेलं साधं मॉडेल घ्यावं, ते हलकंही आहे. फक्त जोड फार आवळू नका, प्लास्टिकच्या आट्यांना ते सोसत नाही. क्लिकचा आवाज चांगला खणखणीत आहे, मला आवडतो पण शांत मीटिंगमध्ये शेजारच्याला त्रास होईल. नेहमीच्या बॉलपेन शाईला थोडा दाब लागतो, जेलची सवय असेल तर पहिल्याच दिवशी जेल रिफिल घाला, मनगट वाचेल.

नकली माल खूप फिरतो, म्हणून ओळखीच्या आणि पक्कं बिल देणाऱ्या ठिकाणीच घ्या. टोपीच्या कडेला नाव कोरलेलं आहे का, अक्षरं पुसट तर नाहीत ना, हे बोट फिरवून बघा. १९८० नंतरच्या बऱ्याच पार्कर पेनांवर तारखेचा कोड असतो, एक इंग्रजी अक्षर वर्षाचा शेवटचा आकडा सांगतं (क्यू म्हणजे ०, यू म्हणजे १, ए म्हणजे २ असं पुढे) आणि बाजूच्या उभ्या रेघा तिमाही सांगतात, जुनं पेन विकत घेताना हे फार उपयोगी पडतं. क्लिप खिशाच्या जाड कापडावर लावून बघा, ती ताठच हवी. आणि बटण हळूच दाबून सोडा, टोक अर्धवट अडकत असेल तर ते पेन परत ठेवा आणि दुसरं मागा.

ज्यांना फाउंटन पेनसारखी जाड-बारीक वळणदार अक्षरं काढायची आहेत त्यांनी यावर पैसे घालू नयेत, त्यांच्यासाठी हे पेन नाही. बाकी फॉर्म, नोंदी, वह्या, सह्या, रोजची टिपणं यासाठी पाचपैकी साडेचार, आणि सोबत एक जेल रिफिल त्याच दिवशी घेऊन ठेवा.