खडी पसरण्याआधी रूळ तपासा: घरच्या रेल्वे लेआउटच्या कामात झालेली फसवणूक

मॉडेल रेल्वेच्या लेआउटमध्ये, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेत, फसवायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे ट्रॅक आणि वायरिंग. स्टेशन, पूल, डोंगर, झाडं हे सगळं वर मांडलेलं असतं आणि आपण त्याच्याकडे बघून पैसे देतो. वायरी राहतात प्लायच्या खाली आणि रुळाचा धातू रंगाच्या खाली. माझ्या घरी काम करून गेलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. एक लाख अडतीस हजारांचं काम त्याने या दोन आडोशांच्या भरवशावर उरकलं. तो अजूनही कामं घेतोय असं कानावर येतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पुण्यात हा छंद तसा जुना. कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. तेव्हा ते आ वासून बघणारी पोरं आता पस्तिशी-चाळिशीत आहेत. त्यांच्याकडे पैसा आहे, पण वेळ नाही. माझ्यासारख्या निवृत्तांकडे वेळच वेळ आहे, पण टेबलाखाली उताणं पडून सोल्डरिंग करायला कंबर तयार नाही. त्यामुळे लेआउट बांधून देणारे लोक आले, आणि त्यातले बरेच जण मन लावून काम करतात, हेही सांगायला हवं. मला भेटलेला मात्र वेगळाच निघाला.

ठरलं होतं ते असं. बारा फूट बाय चार फूट, एचओ, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिलिमीटर गेज (दोन रुळांमधलं अंतर). दोन पदरी मेन लाइन, मागे बोगद्याच्या आत गाड्या उभ्या करायला चार लायनींचं लपलेलं यार्ड, सगळं डीसीसीवर, म्हणजे एकाच रुळावरची प्रत्येक गाडी वेगळी चालवता येते त्या डिजिटल पद्धतीवर चालणारं. ट्रॅक सगळा नवा, कोड १०० (रुळाच्या उंचीचं माप), निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा. टेबलाखालून सगळीकडे वीज नेणारी मुख्य वायर, म्हणजे बस वायर, अडीच एमएम तांब्याची. रुळाच्या प्रत्येक फ्लेक्सी (वाकवता येणाऱ्या) तुकड्याला स्वतंत्र फीडर, म्हणजे बसपासून रुळापर्यंत वीज आणणारी छोटी वायर. लेआउटचे चार विद्युत विभाग आणि प्रत्येकाला वेगळा सर्किट ब्रेकर. कोटेशन छापील आणि एकदम चोख, त्यातला एक शब्दही खोडण्यासारखा नव्हता. निम्मे पैसे आगाऊ, तीस टक्के गाडी चालवून दाखवल्यावर, उरलेले हस्तांतराच्या दिवशी.

काम सुरू असताना एक गोष्ट सारखी खटकायची. ट्रॅक बसला की चोवीस तासांत त्यावर गंजासारखा तपकिरी रंग आणि खडी पडलेली असायची. म्हटलं, अरे आधी आठवडाभर गाड्या फिरवून बघू, मग सजावट कर. तर म्हणे, ‘काका, रंग मारल्याशिवाय रूळ खरे वाटत नाहीत. आणि बॅलास्ट एकदा बसला की ट्रॅक हलत नाही, कामाला बरं.’ खाली वाकून बघायला गेलो की, ‘थांबा काका, खाली पसारा आहे, डोक्याला लागेल.’ सगळं इतक्या आदराने की पुढे काही बोलणंच खुंटावं.

चाचणीच्या दिवशी एक इंजिन आणि दोन डबे असे गरगर फिरले की शेजारपाजारचे टाळ्या वाजवायला लागले. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर यूपीआयने गेले. स्वतःच्या खात्याला ‘काहीतरी प्रॉब्लेम’ होता.

पावसाळा लागला आणि गाड्या अडखळायला लागल्या. आधी बोगद्यात, मग मागच्या वळणावर, मग कुठेही. दोन इंजिनं एकदम सोडली की लांबचं इंजिन रांगायला लागे. फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘काका, रूळ पुसा.’ मी पुसत राहिलो. दिवाळीपर्यंत फोन उचलणंही बंद झालं.

बिंग फोडलं ते आमच्या वायरमनने. तो आला होता पंखा दुरुस्त करायला. लेआउट बघून खूश झाला, खाली वाकला आणि बस वायर दोन बोटांत धरून तिथेच थांबला. खिशातून कटर काढला, टोकाची एक तार अलगद खरवडली आणि माझ्यासमोर धरली. वर तांबूस, आत पांढरं. ‘काका, हे तांबं नाही ओ. ॲल्युमिनियमला वरून तांबं चढवलंय.’ मग लायटर पेटवून तार ज्योतीत धरली. तांब्याची बारीक तार लाल होते आणि तशीच उभी राहते. ही मात्र वाकली आणि टोकाला गोळा होऊन गळाली.

ही वायर बाजारात सर्रास मिळते. ॲल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम साठ टक्के वीज वाहून नेतं, म्हणजे तेवढ्याच जाडीला विरोध दीडपटीच्या आसपास. वरच्या प्लास्टिकवर ‘आयएस ६९४’ छापलेलं होतं, पण खऱ्या आयएसआय वायरवर असतो तो सीएम/एल परवाना क्रमांक नव्हता. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी खरी की खोटी ते दोन मिनिटांत कळतं. आता मी पुण्याच्या इलेक्ट्रिक बाजारात, तपकीर गल्लीत, वायर घ्यायला गेलो तर दुकानदाराच्याच काट्यावर कॉइल ठेवायला सांगतो. अडीच एमएमच्या ९० मीटर कॉइलमध्ये नुसतं तांबंच दोन किलोच्या आसपास बसतं. कॉइल त्याहून हलकी भरली तर पुढे बोलायचं कामच नाही.

मग मी आणि वायरमन खाली गाद्या टाकूनच बसलो.

फीडरची गोष्ट तर अशी की मला आधी राग आला आणि मग हसूच आलं. दर तीन फुटांवर लाल-काळ्या वायरींची जोडी प्लायमधल्या भोकातून खाली उतरलेली, केबल टायने एका रेषेत बांधलेली, टोकं बसला जोडलेली. फोटो काढावा असं काम. एक जोडी धरून हलकेच ओढली तर ती सरळ हातात आली. वरचं टोक रुळापर्यंत पोचलंच नव्हतं. भोकात ग्लू गनने चिकटवून दिलं होतं. दुसरी ओढली, तीही आली. खरोखर रुळाला सोल्डर केलेले फीडर एकूण फीडरच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही भरले नाहीत. बिलात पैसे सगळ्यांचे.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मल्टीमीटरची एक पिन बसला आणि दुसरी रुळाला लावली की या नकली फीडरच्या जागीही ‘बीप’ वाजत होता. कारण वीज शेजारच्या तुकड्याकडून रेल जॉइनरमधून, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या चिमट्यातून, येत होती. त्याने चाचणीत मला हाच बीप वाजवून दाखवला होता! खरी तपासणी करायची तर फीडरचं बसकडचं टोक सोडवायचं आणि त्या सुट्या टोकापासून थेट वरच्या रुळापर्यंत मोजायचं. नकली फीडर तिथे लगेच उघडा पडतो.

आणि हे जॉइनर सुरुवातीला चाललेच. नवा जॉइनर रुळाला घट्ट पकडतो, त्यातून वीज झकास जाते. पण खडी बसवताना पाणी घातलेला फेविकॉल ओततात, तो जॉइनरमध्ये झिरपतो. त्यात पुण्याची जूनमधली हवा. आत हळूहळू थर धरतो आणि प्रत्येक सांधा थोडीथोडी वीज खायला लागतो. म्हणूनच गाडी उन्हाळ्यात टाळ्या मिळवते आणि पावसात मान टाकते. उरलेले पैसे तोवर गेलेले असतात.

बोगद्याचं झाकण उचलायची सोय कोटेशनमध्ये होती, प्रत्यक्षात डोंगर प्लास्टरने पक्का चिकटवलेला. तो करवतीने कापला. आत रुळाचा रंग खरवडला तर कुठे पिवळं पितळ, कुठे लोखंड. जुन्या मोडीत निघालेल्या सेटमधले तुकडे. दर्शनी भागातला ट्रॅक मात्र अस्सल निकेल सिल्व्हर. पितळेवर चढणारा थर वीज नीट वाहू देत नाही, लोखंडाला तर गंजच. ओळखायला दोन साधने पुरतात, छोटं पातं आणि छोटं लोहचुंबक. रुळाच्या बाजूला, रंगाखाली, ओरखडा काढा. पिवळा दिसला तर पितळ. पांढरा दिसला तर चुंबक लावा. चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं तर निकेल सिल्व्हर. मात्र चुंबक ट्रॅकच्या खिळ्यांपासून लांब धरा, ते लोखंडी असतात आणि उगीच घोळ होतो.

शेवटी राहिला तो काळा डबा. टेबलाखाली एका कोपऱ्यात, वर चार विभागांचे आकडे आणि एक हिरवा दिवा. ‘उघडला तर वॉरंटी जाईल’ असं स्टिकर. बिलात हा ‘चार चॅनल ब्रेकर’ साडेअठरा हजारांना. आत काय होतं? एक कनेक्टर पट्टी, ज्यात चारही विभागांच्या वायरी एकत्र आवळल्या होत्या, आणि एक एलईडी, रेझिस्टरसकट. ब्रेकर नावाचं काही नाही.

इतका वेळ मी हे पैशांचं नुकसान म्हणून बघत होतो. डबा उघडल्यावर जरा घाम फुटला, कारण डीसीसीमध्ये रुळांवर कायम १५ व्होल्टच्या आसपास वीज असते आणि माझा बूस्टर (रुळांना वीज पुरवणारं यंत्र) ५ अँपियरचा आहे. गाडी रुळावरून घसरून शॉर्ट झाला की बूस्टरने झटक्यात वीज तोडायला हवी. पण वाटेत बारीक वायर आणि खराब सांधे असले तर त्यांचा विरोध मध्ये येतो, प्रवाह पाचापर्यंत पोचत नाही आणि बूस्टरला शॉर्ट कळतच नाही. तो चार-साडेचार अँपियर ढकलत बसतो. म्हणजे साठ वॅटच्या पुढे, आणि त्यातला बराचसा एका चाकापाशी. आपल्या हातातली सोल्डरिंग आयर्न असते २५ वॅटची. मागे एकदा यार्डात इंजिनाच्या बोगीचं प्लास्टिक वितळून चाक तिरकं झालं होतं, तेव्हा मी इंजिन बनवणाऱ्या कंपनीला बोल लावला होता. नातू जवळ बसलेला असतो, वर कापसाचे ढग, खाली वाळलेलं शेवाळ. पुढचं लिहीत नाही.

यासाठीची चाचणी फुकट आहे. दोन रुपयांचं नाणं घ्या, दर तीन फुटांवर दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. प्रत्येक ठिकाणी वीज तत्क्षणी तुटली पाहिजे. बोगद्यातही, पॉइंटच्या (रूळ बदलण्याच्या सांध्याच्या) पलीकडेही. माझ्याकडे यार्डात नाणं ठेवलं तर बूस्टर ढिम्म, आणि नाणं तापायला लागलं.

शोध घेतल्यावर त्याची आणखी गिऱ्हाइकं भेटली. नाशिकच्या एका गृहस्थांना त्याने ‘खास भारतीय ब्रॉडगेज प्रमाणाचा ट्रॅक’ म्हणून दीडपट भाव लावला होता. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागा, १९.३ च्या जवळ येतं. व्हर्निअर लावला तर नेहमीचेच १६.५. त्यांनी त्या रुळांवर नेहमीची एचओ इंजिनं चालवली, ती व्यवस्थित चालली, आणि त्यातच ते उघड होतं. १९ च्या ट्रॅकवर ती बसलीच नसती.

पोलीस चौकीत ‘हा दिवाणी मामला आहे’ हे ऐकून घ्यावं लागलं. अर्ज मात्र दिला, पोच घेतली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. वकिलाशिवाय स्वतः दाखल करता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, फक्त कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. तिथे उपयोगी पडलं ते कोटेशन, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचे ‘काका रूळ पुसा’ हे मेसेज. सुटून आलेले फीडर, बोगद्यातले रूळ, काळा डबा हे सगळं वायरमनसमोर पिशव्यांत भरून तारखा घालून ठेवलं, काढतानाचे व्हिडिओसुद्धा. प्रकरण चालू आहे, म्हणून त्याचं नाव इथे देत नाही.

आता काम कुणाला देणार असाल तर शेवटचा हप्ता उघड्या ट्रॅकवर द्यायचा, सजावटीवर नाही, असं कोटेशनमध्येच लिहून घ्या. ट्रॅक आणि वायरिंग पूर्ण, पण रंग नाही, खडी नाही, डोंगर नाही. अशा अवस्थेत महिनाभर गाड्या चालू द्या, जमलं तर त्यातला काही काळ पावसाळ्याचा. फीडर ओढून बघा, नाणं ठेवून बघा. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही. माझं नवं वायरिंग ज्याने केलं त्याने उलट स्वतःच आरसा आणून टेबलाखाली धरला आणि एकेक सांधा दाखवला. ट्रॅक आणि वायरीचं सामान मी स्वतः आणलं, त्याने फक्त मजुरी घेतली, हेही बरं पडतं.

आणि कुणी तुम्हाला जुन्या कामाचे फोटो दाखवत असेल, त्यात टेबलाखाली हिरव्या दिव्याचा काळा डबा आणि शेजारी एका रेषेत बांधलेल्या लाल-काळ्या वायरी दिसल्या, तर त्या घराचा पत्ता मागा आणि तिथे स्वतः जाऊन स्क्रू ड्रायव्हर लावा. आयोगापुढे आणखी एक तक्रारदार उभा राहिला तर आमची बाजू भक्कम होईल.