बारा अंकांचं वर्ष की सहा अंकांचं? शिवणाच्या पॅटर्न मासिकांची तुलना

वर्ष संपत आलं की मी वर्षभराचे सगळे अंक जमिनीवर पसरते आणि प्रत्येकातलं फक्त कपड्यांच्या शिवणी दाखवणाऱ्या रेखाचित्रांचं पान उघडून ठेवते. फोटोंकडे बघतच नाही. पुढच्या वर्षीची वर्गणी भरायची की नाही, हे मी त्या पानांवरून ठरवते. तुम्हीही याच विचारात असाल तर पॅटर्न, म्हणजे कपडा बेतायचे कागदी नमुने देणाऱ्या, माझ्या वापरातल्या तीन मासिकांबद्दल सांगते: जर्मनीचं बुर्डा स्टाईल, फिनलंडचं ओटोब्रे आणि जपानचं मिसेस स्टाईल बुक.

आधी संख्येचा मोह बाजूला ठेवा. बुर्डा दरमहा येतं, म्हणजे वर्षाला १२ अंक, आणि डिझाईन्सचा आकडा बघून डोळे दिपतात. पण रेखाचित्रं शेजारी शेजारी ठेवली की दिसतं, की लांब ड्रेस, त्याचाच आखूड टॉप आणि त्याच टॉपला वेगळी बाही, हे तिन्ही एकाच मूळ पॅटर्नवरून निघालेले असतात. टक्स (कापडाला अंगाचा आकार देणाऱ्या शिवलेल्या दुमडी) तेच, खांद्याची शिवण तीच. मला यात फसवणूक वाटत नाही, उलट सोय वाटते. एकदा मूळ पॅटर्न अंगाला नीट बसवला की दुसरा कपडा निम्म्या मेहनतीत होतो. मात्र १२ अंकांत दर वेळी काहीतरी निराळं मिळेल या आशेने वर्गणी भरणार असाल, तर हे आधी माहीत असलेलं बरं.

पानं चाळताना मी स्वतःला एकच विचारते: यातलं मला आत्ता माझ्याकडे असलेल्या पॅटर्नवरून बेतता येणार नाही असं काय आहे? चुण्यांच्या स्कर्टसाठी मासिक लागत नाही. पण खांद्याच्या पट्टीसकट अखंड कापलेली बाही, पुढच्या भागातूनच निघून मानेमागे जुळणारी कॉलर, प्रिन्सेस कटच्या शिवणीत लपवलेला खिसा, हे घरी बसून सुचत नाही. अशा डिझाईनभोवती मी पेन्सिलने गोल करते. माझ्याकडच्या एका जुन्या अंकात एक काळा कोट आहे. फोटोत मॉडेल खिशात हात घालून बसलेली आणि कापड इतकं गडद, की एकही शिवण दिसत नाही. मी तो दोन वर्षं ओलांडून पुढे जात होते. मग एकदा रेखाचित्र नीट पाहिलं: पाठीवर खांद्याच्या हाडावरून तिरकी जाणारी शिवण, आणि खांद्याचा टक्स पूर्ण तिच्यात सामावलेला. आजवर माझ्या हातून शिवला गेलेला सगळ्यात चांगला कपडा तोच.

आता कागद. बुर्डाच्या अंकात पॅटर्नचा कागद १९५२ पासून येतो, आणि मासिकात इतके कपडे मावतात ते त्यावर रेघांवर रेघा छापलेल्या असतात म्हणूनच. कागदाच्या कडेला भागाचा नंबर शोधायचा, तिथून सरळ आत जायचं, त्या रंगाची रेघ पकडायची आणि आपल्या मापाची तुटक रेघ शेवटपर्यंत सोडायची नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला धडकी भरते. एकदा रात्री दिव्याखाली ट्रेस करताना मी पाठीच्या मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईपाशी, ४० च्या रेघेवरून ४२ च्या रेघेवर गेले. कागदावर कळलं नाही. कापड कापून, बाजू शिवून, बाही लावायला घेतली तेव्हा कळलं. आता मी ट्रेस करण्याआधी फक्त माझ्या मापाच्या रेघेचे कोपरे रंगीत पेनने ठळक करते, आणि कापडाला कात्री लावण्याआधी पुढच्या-मागच्या भागांच्या बाजू कागदावरच टेपने मोजून जुळवते. पट्टे, कमरपट्टी असे साधे चौकोनी भाग कागदावर सापडत नाहीत म्हणून घाबरू नका. त्यांची मापं सूचनांमध्ये दिलेली असतात.

माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचं जास्तीचं कापड, हा दुसरा खड्डा. बुर्डा आणि ओटोब्रे, दोन्हींच्या पॅटर्नमध्ये माया धरलेली नसते. छापलेली रेघ ही शिवायची रेघ. बुर्डासाठी साधारण शिवणीला १.५ सेंमी आणि खालच्या दुमडीला ४ सेंमी आपण सोडायचे. हे विसरून रेघेवरच कापलं, तर दोन बाजूंच्या शिवणींच्या चार कडा मिळून घेर ६ सेंमीने कमी होतो. बुर्डाच्या नेहमीच्या मापांत एका मापातून पुढच्या मापात छातीचा फरक ४ सेंमीचा, म्हणजे दीड माप गेलं. तरी मला बिनमायेचा पॅटर्नच आवडतो, कारण त्यावर टेप ठेवून कपडा अंगाला किती सैल होईल ते थेट मोजता येतं.

मापांत बुर्डाचा हात धरणारं कुणी नाही. ३६ म्हणजे छाती ८४, ३८ म्हणजे ८८, ४० म्हणजे ९२, आणि नेहमीची मापं १६८ सेंमी उंचीसाठी. शिवाय बुटक्या बांध्यासाठी १७ ते २१, उंची १६०, आणि उंच बांध्यासाठी ७२ ते ८८, उंची १७६. हे आकडे विचित्र वाटतात, पण हिशोब सोपा आहे: १९ म्हणजे ३८ चे निम्मे, ७६ म्हणजे दुप्पट. तुमची उंची १६० च्या आसपास असेल तर वर्षभराचे अंक चाळताना १७ ते २१ मधली डिझाईन्स किती आहेत ते आधी बघा. उंचीतला ८ सेंमीचा फरक नुसता खालून दुमडून भरून निघत नाही, कंबरही खाली उतरते.

सूचनांच्या बाबतीत बुर्डा फारच त्रोटक. चार ओळींत कॉलर लावून मोकळे होतात. एखाद्या डिझाईनची मात्र चित्रांसकट सविस्तर कृती असते. नवशिक्यांनी वर्षभर फक्त तीच शिवली तरी हात तयार होतो.

ओटोब्रेचं वर्ष ६ अंकांचं: ४ मुलांचे, २ बायकांचे. मुलांचं माप म्हणजे सरळ उंची, ९२ म्हणजे ९२ सेंमीचं मूल. वय विचारायचं कामच नाही. बायकांचे पॅटर्न बहुतेक ३४ ते ५२ अशा सलग मापांत, त्यामुळे जाड बांध्याच्या बाईला तीन-चार डिझाईन्सच्या कोपऱ्यात ढकललं जात नाही. याचं मला फार मोल वाटतं. रेखाचित्रं बघून हरखून जायला होत नाही. टी-शर्ट, लेगिंग, साधे ड्रेस, बरेचसे ताणणाऱ्या कापडाचे. त्यासाठी गोल टोकाची सुई हवी, आणि ओव्हरलॉक नसेल तर निदान झिगझॅग टीप. पण शिवून झाल्यावर रोज अंगावर चढतात ते हेच कपडे.

मिसेस स्टाईल बुकचा मार्गच वेगळा. तिथे मुख्यतः ट्रेस करायचं नसतं, ड्राफ्ट करायचं असतं, म्हणजे मापांवरून पॅटर्न स्वतःच कागदावर आखायचा. छोट्या आकृतीवर सेंटीमीटरचे आकडे आणि बाण असतात, आणि सुरुवात बुन्का या टोकियोतल्या फॅशन शिक्षणसंस्थेच्या मूळ ड्राफ्टवरून होते. अर्ध्या अंगाची रुंदी म्हणजे छातीचा निम्मा घेर अधिक ६. छाती ८८ असेल तर ५० सेंमी, म्हणजे पूर्ण घेरात १२ सेंमी सैलपणा. ड्राफ्ट आपल्याच मापाचा असल्यामुळे दोन मापांच्या मध्ये अडकण्याचा प्रश्न येत नाही. मजकूर सगळा जपानी, पण ड्राफ्टिंग शिकलेल्या बाईला आकृती वाचता येते. जिने कधी ड्राफ्ट काढलाच नाही, तिने इथून सुरुवात करू नये.

वर्षाला एक-दोनच कपडे शिवणार असाल तर वर्गणी नकोच. सुटा पॅटर्न घ्या.

मी स्वतः यंदा ओटोब्रेचे बायकांचे दोन्ही अंक घेणार आहे. बुर्डाची वर्गणी थांबवली आहे. अंक निघाला की आधी रेखाचित्रं बघेन, आणि गोल करावासा वाटणारी निदान तीन डिझाईन्स असतील तरच तो अंक घेईन. जपानी अंक शेल्फवर चार आहेत, आणि त्यातल्या एका जॅकेटचा ड्राफ्ट काढायला या आठवड्यात बसणार आहे.