30 लिटर की 100 लिटर? पहिल्या रीफ टँकसाठी नक्की कोणता घ्यायचा

पहिला रीफ टँक (जिवंत प्रवाळ म्हणजे कोरल ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) म्हटलं की सगळे लहान बघतात, कारण लहान म्हणजे सोपं असं वाटतं. खाऱ्या पाण्यात हे बरोबर उलटं आहे.

कारण साधं आहे, पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. 35 पीपीटीच्या (पाण्याच्या हजार भागांत 35 भाग मीठ) टँकमधून 1 लिटर पाणी उडालं तर 100 लिटरमध्ये खारटपणा जेमतेम 35.4 होतो, 30 लिटरमध्ये तोच 36 च्या वर जातो, आणि दगड-वाळू टाकल्यावर 30 चे खरे 25 च उरतात ते वेगळंच. म्हणून लहान टँकला रोज टॉप-अप (उडालेलं पाणी परत भरणं) लागतो, आणि तो गोड पाण्याचा, आरओ-डीआयचा (गाळून क्षार काढलेला), मिठाच्या पाण्याचा नाही (ही चूक मी सुरुवातीला आठवडाभर केली, हसू नका). एकदा चार दिवस घरी नव्हतो तर परत आल्यावर रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) सापेक्ष घनता 1.029 दाखवत होता, हवं होतं 1.025, आणि झोआ (फुलासारखे दिसणारे छोटे कोरल) सगळे मिटून बसलेले. ऑटो टॉप-अप लावला की हा त्रास बराच कमी होतो, लहान टँक घेणार असाल तर लाईटचं बजेट कापा पण हा घ्याच.

तापमानाचंही तेच, 25-26 डिग्री धरून ठेवायचं तर थोडं पाणी पटकन तापतं आणि पटकन गारही होतं. एखादी गोगलगाय मागे कुठेतरी मेली तर लहान टँकमध्ये अमोनिया लगेच चढतो, मोठ्यात तेवढा कळतही नाही.

आता लहानाची बाजू. आठवड्याला 10 टक्के पाणी बदलायचं म्हणजे 3 लिटर, एका बादलीत काम खल्लास, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) नसला तरी चालतं कारण पाणी बदलूनच घाण निघते. 100 ला तेच 10 लिटर, मीठ जास्त, आणि वजन दगडासकट सव्वाशे किलोच्या आसपास जातं, स्टँड पक्का हवा. काच स्वतः चिकटवणार असाल तर लहानच बरा, गळला तर फडक्याने पुसता येतं. फक्त सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलं बघून घ्या.

मासे हा मोठाच फरक. 30 मध्ये एखादा गोबी, फार तर क्लाउनची जोडी आणि बास, तीही मला दाटीचीच वाटते. 100 मध्ये क्लाउन, गोबी, एखादा फायरफिश आरामात. टँग (मोठे होणारे मासे) दोन्हीत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

कोरलमध्ये मशरूम, झोआ, लेदर दोन्हीकडे जगतात (झोआ हाताळताना ग्लोव्ह्ज घाला, काहींमध्ये पॅलीटॉक्सिन नावाचं विष असतं). अ‍ॅक्रोपोरा वगैरे नाजूक, कडक कोरल डोक्यात असेल तर 30 चा विचारच सोडा, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता, मोजतात डीकेएचमध्ये) 8-9 डीकेएचवर स्थिर ठेवता ठेवता नाकी नऊ येतात.

सायकलिंगला (टँकमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू तयार होऊ देणं) मात्र सूट नाही, 4 ते 6 आठवडे दोन्हीत धरून चाला, अमोनिया आणि नायट्राईट शून्य आल्याशिवाय मासा आणायचा नाही.

माझं विचाराल तर जागा आणि मजबूत स्टँड असेल तर सरळ 100. टेबलावरच ठेवायचाय, फक्त मशरूम-झोआ हवेत आणि ऑटो टॉप-अप घ्यायची तयारी आहे, तर 30 पण मस्त होतो, माझा अजून चालू आहे.