मोजपट्टी त्यांचीच: कॅटच्या उतारा-आकलनाच्या नावाखाली झालेली फसवणूक

आयआयएम या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या कॅट परीक्षेत भाषेच्या विभागात २४ प्रश्न आणि ४० मिनिटे असतात. त्यांपैकी १६ प्रश्न चार इंग्रजी उताऱ्यांवर असतात. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि चुकले की १ गुण कापला जातो. अभियांत्रिकी करून आलेल्यांचे गणित बहुधा निभावते, गाडी अडते ती या १६ प्रश्नांवर. ही अडचण हेरून पुण्यातील एका खासगी क्लासने माझ्याकडून आणि माझ्या तुकडीतील इतरांकडून पैसे घेतले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे क्लासचे नाव लिहीत नाही. पद्धत मात्र तपशिलाने लिहितो, कारण ती दुसऱ्या नावानेही सहज चालवता येईल अशी आहे.

प्रवेशापूर्वी एक मोफत ‘निदान चाचणी’ घेतली गेली. तिच्यानंतर काउन्सेलरने सांगितले, “सर, तुम्ही प्रत्येक शब्द मनातल्या मनात उच्चारता, म्हणून मागे पडता. मिनिटाला दोनशे शब्द वाचणारा इथे टिकत नाही. आम्ही तुम्हाला आठशेवर नेऊ, आणि नव्वदच्या खाली पर्सेंटाइल आलं तर पूर्ण फी परत.” (पर्सेंटाइल म्हणजे तुमच्यापेक्षा मागे राहिलेल्या उमेदवारांची टक्केवारी.) फी ३८,००० रुपये होती. मराठी माध्यमातून आलेल्यांना ‘तुम्ही मनात भाषांतर करत वाचता’ असे सांगून आणखी ९,००० रुपयांचा ‘फाउंडेशन’ वर्ग गळ्यात मारला जाई. मुलांच्या मनातील न्यूनगंडावर इतक्या थंडपणे किंमत लावलेली पाहून मला आजही संताप येतो.

वेगाचा हा दावा साध्या हिशेबावरही टिकत नाही. कॅटमधील एक उतारा साधारण ५०० शब्दांचा असतो, म्हणजे चार उतारे मिळून सुमारे २,००० शब्द. मिनिटाला २०० शब्द या गतीने ते दहा मिनिटांत वाचून होतात आणि उरलेली तीस मिनिटे प्रश्नांसाठी हाती राहतात. वेळ जातो तो पर्यायांपाशी, जिथे चारपैकी दोन लगेच बाद होतात आणि राहिलेल्या दोघांतील कोणता लेखकाच्या म्हणण्यापेक्षा किंचित अधिक बोलतो हे ठरवावे लागते. शिवाय आठशेचा आकडा मुळातच अवास्तव आहे. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून काढलेली सरासरी अशी, की इंग्रजी ललितेतर मजकूर मूकवाचनाने वाचताना प्रौढ वाचक मिनिटाला २३८ शब्द गाठतो. वाचनप्रक्रियेचे अभ्यासक कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वेगवाचनाच्या दाव्यांचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यात वेग फार वाढवला की आकलन घटते, आणि ज्याला हे क्लासवाले रोग ठरवतात तो मनातला उच्चार समजण्याला मदतच करतो, असे स्पष्ट मांडले आहे.

असे असूनही तुकडीतील जवळजवळ प्रत्येकाला आपली प्रगती होते आहे असे वाटत होते, कारण लॉगिन केल्यावर दिसणारा आलेख दर आठवड्याला वर चढत होता, आणि खरी फसवणूक त्या आलेखातच होती. निदान चाचणीतील उतारे लांबलचक आणि तत्त्वज्ञानाच्या अंगाने जाणारे होते, वेळही अपुरा दिला होता. पुढच्या चाचण्यांत उतारे हळूहळू आखूड होत गेले आणि प्रश्न सरळ माहिती विचारणारे झाले. शेवटच्या काही चाचण्यांत तर कॅटच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतील, वर्गात आधी चर्चा झालेलेच उतारे नावे बदलून दिले होते. पहिल्या आणि शेवटच्या चाचणीची काठिण्यपातळी एक नव्हती, तरी दोन्हींचे गुण एकाच रेषेवर मांडून तिला ‘आकलन निर्देशांक’ असे भारदस्त नाव दिले होते. वेगाची चाचणी त्याहून पोकळ होती, कारण ‘वाचून झाले’ हे बटण विद्यार्थ्याने स्वतः दाबायचे आणि मग तीन-चार प्रश्न सोडवायचे, इतकेच तिचे स्वरूप होते. एकदा मी उतारा न उघडता केवळ प्रश्न व पर्याय पाहून उत्तरे दिली आणि तरीही मला ‘उत्तम आकलन’ हा शेरा मिळाला. वाचल्याशिवाय सुटणारी चाचणी वाचन मोजूच शकत नाही, हे मी शिक्षकांना विचारले तेव्हा ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ एवढेच उत्तर आले.

खरा हिशेब परीक्षेनंतर समजला. कॅटच्या निकालाआधी प्रत्येक उमेदवाराला त्याची उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची पाहता येते. माझ्याकडे २०२३ ची, म्हणजे क्लास लावण्यापूर्वीची उत्तरपत्रिका होती आणि २०२४ चीही होती. दोन्ही वर्षी उताऱ्यांवर १६ प्रश्न होते. २०२३ मध्ये मी नऊ सोडवले होते, सहा बरोबर आणि तीन चूक, म्हणजे १५ गुण. २०२४ मध्ये वेगाने वाचून सोळाच्या सोळा सोडवले. बरोबर पुन्हा सहाच, चूक दहा, म्हणजे ८ गुण. क्लासने माझे आकलन तसूभरही वाढवले नव्हते. आधी मी जे प्रश्न समजले नाहीत म्हणून सोडून देत असे, ते न समजताच सोडवण्याची सवय तेवढी लावली होती.

फी परत मागितल्यावर करारपत्रातील कलम पुढे आले. हमी दिलेले ‘पर्सेंटाइल’ म्हणजे ‘संस्थेच्या अंतिम मूल्यमापन चाचणीतील पर्सेंटाइल’, अशी व्याख्या आतल्या पानावर होती. जाहिरातीत, दूरध्वनीवर आणि व्हॉट्सॲपवरील संदेशांत मात्र सर्वत्र कॅटचाच उल्लेख होता. बारीक अक्षरांत उपस्थितीची आणि दररोज मध्यरात्रीपूर्वी वाचननोंद भरण्याची अट होती ती वेगळीच. बहुतेकांची फी क्लासने जोडून दिलेल्या ॲपवरून कर्जाऊ भरलेली असल्यामुळे क्लास सोडला तरी हप्ते सुटत नव्हते, आणि हप्ता चुकवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक, बिघडण्याची भीती होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या डिजिटल कर्जनियमांनुसार अशा कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत दंडाशिवाय बाहेर पडता येते आणि ती मुदत कर्जाच्या माहितीपत्रकात लिहावी लागते. आमच्या तुकडीला हे कोणी सांगितले नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आहेत. निवडीची किंवा गुणांची हमी देणारे खोटे दावे त्यांत निषिद्ध आहेत, आणि यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र वापरायचे तर निवडीनंतर घेतलेली त्याची संमती व त्याने घेतलेल्या अभ्यासक्रमाचा स्पष्ट उल्लेख बंधनकारक आहे. आमच्या क्लासच्या फलकावरील एका यशस्वी उमेदवाराशी बोललो, तेव्हा त्याने तिथे फक्त एक मोफत मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली होती असे समजले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर क्लासने प्रथमच लेखी उत्तर दिले आणि फीचा छोटासा हिस्सा ‘सद्भावना’ म्हणून देऊ केला, तो मी नाकारला. ‘आम्ही शिक्षणसंस्था आहोत, ग्राहक कायदा आम्हाला लागू नाही’ असेही त्या उत्तरात होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या २०२० च्या निर्णयाने शिक्षणसंस्थांना त्या कायद्याबाहेर ठेवले असले, तरी कोचिंग क्लास कक्षेतच राहिले आहेत. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दावा करता येतो आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

एखादा क्लास उतारा-आकलनाची प्रगती दाखवत असेल, तर कॅटच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या, पूर्वी न पाहिलेल्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, एक प्रवेशाच्या आधी आणि दुसरी दोन महिन्यांनी, स्वतः सोडवाव्यात आणि एकूण गुणांबरोबर किती सोडवले व त्यांपैकी किती बरोबर आले हेही लिहून ठेवावे. शिकवणारा तुमच्या चुकलेल्या प्रश्नावर बसून, नाकारायचा पर्याय उताऱ्यातील कोणत्या ओळीमुळे नाकारायचा हे दाखवतो का, तेही पाहावे. आमच्या वर्गात असे एकदाही झाले नाही. हमीची व्याख्या पैसे देण्यापूर्वी ईमेलवर मागावी. क्लासचे लॉगिन अभ्यासक्रम संपताच बंद होते, तेव्हा आलेख, चाचण्यांतील उतारे आणि काउन्सेलरचे संदेश त्याआधीच उतरवून ठेवावेत. माझ्या तक्रारीसोबत आज हेच कागद आणि त्या दोन वर्षांच्या उत्तरपत्रिका जोडलेल्या आहेत, आणि सुनावणी अद्याप व्हायची आहे.