‘ॲक्टरेझर’ घ्यायचा तर कुठला : १९९० चा की २०२१ चा?

क्विंटेट या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचं नाव ज्यांनी ऐकलंय त्यांनी ते बहुतेक ‘टेरानिग्मा’मुळे किंवा ‘इल्यूजन ऑफ गाया’मुळे ऐकलंय. पण या कंपनीचा पहिला गेम ‘ॲक्टरेझर’. त्यात तुम्ही देव असता : कधी तलवार घेऊन राक्षस मारता, कधी वरून गावं वसवता. तो खेळायचं मनात आलं की प्रश्न पडतो तो हाच : १६ डिसेंबर १९९० ला निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आलेला मूळ गेम शोधायचा, की स्क्वेअर एनिक्स या प्रकाशक कंपनीनं सप्टेंबर २०२१ मध्ये काढलेला त्याचा नवा अवतार ‘ॲक्टरेझर रेनेसान्स’ घ्यायचा? दोन्ही मी शेवटपर्यंत खेळलोय. मूळ गेम माझे दोन रविवार खाऊन संपला, नव्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर, असा हिशोब.

सोय बघायची तर बोलायलाच नको. नवा गेम पीसीवर आहे, निन्टेंडोच्या स्विचवर आहे, मोबाइलवरही आला. मूळ गेम २००७ मध्ये निन्टेंडोच्या ‘वी’ या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळायला लागला होता, पण ते दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं. म्हणजे आता जुनी कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायची गेमची डबी, शोधणं आलं. मी माझी जपानमध्ये नोकरीला असताना सेकंडहँड घेतली, आणि तिचं एक दुखणं पुढे सांगतोच.

चित्रांच्या बाबतीत मी फार वाद घालणार नाही. नव्यातली पात्रं थ्रीडीत घडवून मग सपाट केल्यासारखी दिसतात, मागच्या देखाव्यावर चिकटवल्यासारखी. काहींना ती आवडतात. मला जुनी ठिपक्याठिपक्यांची (पिक्सेलची) चित्रं जास्त भावतात, पण केवळ तेवढ्यासाठी कुणी कार्ट्रिज शोधत फिरावं असं मी म्हणणार नाही.

मारामारीचे टप्पे मात्र नव्यात खरोखर सुधारलेत, हे कबूल करायला हवं. मूळ गेममध्ये तलवार घेतलेला देव जड पावलांनी चालतो, उडी एकदा मारली की मारली, वर घड्याळ सतत उलटं पळत असतं. नव्यात वार चुकवता येतो, वरच्या बाजूला तलवार चालवता येते, अवघडपणा आपल्याला हवा तसा ठेवता येतो. हात या प्रकाराला सरावलेले नसतील तर नवाच घ्या, असं मी म्हणेन.

संगीताचं पारडं फारसं झुकत नाही, कारण दोन्हीकडे माणूस एकच आहे, संगीतकार युझो कोशिरो. १९८९ मध्ये तोमोयोशी मियाझाकी आणि मासाया हाशिमोतो यांनी निहोन फाल्कॉम ही गेम कंपनी सोडून टोकियोत क्विंटेट काढली. फाल्कॉमच्या ‘ईस’ या गेमची कथा मियाझाकींची, प्रोग्रामिंग हाशिमोतोंचं आणि संगीतातला मोठा वाटा कोशिरोंचा. तेच कोशिरो ‘ॲक्टरेझर’ला आले. गेम बाजारात आला त्याच आठवड्यात त्यांना तेविसावं वर्ष पूर्ण झालं होतं. फिलमोर या पहिल्याच प्रदेशाच्या जंगलात देवाच्या मूर्तीत जीव येतो आणि ती चाल सुरू होते, तेव्हा अजूनही मी खुर्चीत सरसावून बसतो. नव्या गेमसाठी कोशिरोंनी स्वतः सगळ्या चाली नव्यानं बांधल्या, आणखी काही रचल्या, आणि मूळ आवाज लावायची सोयही ठेवलीय. इथे नव्याला चार गुण जास्तच पडतील.

मग माझं मन मूळ गेमकडे का गेलं? गाव वसवण्याच्या भागामुळे.

‘ॲक्टरेझर’चा जीव तिथेच आहे. आधी तुम्ही खाली उतरून राक्षस मारता, मग ओसाड जमिनीवर फक्त एक जोडपं उरतं आणि एक देऊळ. तुम्ही ढगांवरच्या महालातून बघता. रस्ता कुठल्या दिशेला न्यायचा एवढं सांगता, बाकी सगळं ती माणसं करतात. तुमचा छोटा देवदूत धनुष्य घेऊन वर घिरट्या घालतो आणि माणसं पळवणारी वटवाघळं पाडतो. कसांडोराच्या वाळवंटात पाऊस पाडला की चौकोनामागून चौकोन हिरवा होत जातो. जुनी लहान घरं भूकंपानं पाडली की लोक त्याच जागी मोठी बांधतात. पहिल्यांदा भूकंप करताना माझा हात अडखळला होता. आणि या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे, गावांची लोकसंख्या वाढते तशी देवाची लेव्हल वाढते. माणसं आहेत म्हणून देवाला बळ आहे. हे कुठलंही पात्र तुम्हाला भाषण करून सांगत नाही, आकडा वाढताना दिसतो तेवढंच.

या भागात मूळ गेममध्ये बराच वेळ काहीच घडत नाही. चार घरं उठतात, शेत पिकतं, कुणीतरी देवळात येऊन गाऱ्हाणं सांगतं. ही शांतता मला हवी असते.

नव्या गेमनं तिथेच वेढे आणलेत. गाव जरा रांगेला लागलं की राक्षसांच्या झुंडी रस्त्यांवरून देवळाकडे निघतात. तुम्ही बुरूज उभारायचे, फाटकं लावायची, गावच्या वीराला इकडून तिकडे पळवायचं, वरून विजा टाकायच्या. हा प्रकार मुळात वाईट नाही, पहिले दोन वेढे मी आवडीनं लढलो. पण कसांडोरात एका रात्री माझा पाऊस पाडून नुकता झाला होता, हिरवळ कुठवर पोचली ते बघत होतो, तेवढ्यात संवाद सुरू झाले. एक बोलला, दुसरा बोलला, मग वेढा, मग पुन्हा संवाद. ते सगळं आटोपून गावाकडे परत आलो तेव्हा झोपायची वेळ झाली होती आणि मी काय बघत होतो तेच आठवेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेढा. प्रत्येक प्रदेशाच्या वीराला नव्यात स्वतःची कथा आहे, ती आवडणारे लोकही मला भेटलेत. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या रात्रीनंतर मी गाव वसवत नव्हतो, पुढच्या वेढ्याची वाट बघत होतो.

हे मला इतकं का लागलं, ते क्विंटेटचे पुढचे गेम खेळल्यावर कळलं. १९९२ च्या ‘सोल ब्लेझर’मध्ये राक्षसांचं एकेक बीळ बंद केलं की एखादा माणूस, एखादं झाड, एखादं जनावर गावात परत येतं. १९९५ च्या ‘टेरानिग्मा’त तर अख्खे खंड, मग झाडं, पक्षी, प्राणी आणि शेवटी माणसं परत आणायची असतात. ओसाड जागा भरत जाताना बघणं, हाच या लोकांचा ध्यास. उलट १९९३ च्या ‘ॲक्टरेझर २’ मधून त्यांनी गाव काढून टाकलं, नुसती मारामारी ठेवली, आणि तो गेम मला कोरडा वाटला. कंपनी पुढे हळूहळू दिसेनाशी झाली. १९९९ मधला ‘ब्राइटिस’ तिच्या अखेरच्या कामांपैकी. नवा ‘ॲक्टरेझर’ सॉनिक पॉवर्ड या वेगळ्या कंपनीनं बनवलाय. त्यांनी मनापासून बनवलाय हे जाणवतं, पण ती वाट बघायला लावणारी शांतता त्यांना भरून काढावीशी वाटली. मला ती हवी होती.

आता ते कार्ट्रिजचं दुखणं. सेव्ह टिकवण्यासाठी तिच्यात एक चपटा सेल असतो, आणि तीस वर्षांत तो संपतो. दुकानदारानं ‘तपासून घेतलीय’ म्हणून दिली, गेम सुरूही झाला. मी पहिली चार गावं वसवली, रात्री बंद केला, सकाळी लावला तर सगळं पुसलेलं. सेल सोल्डर केलेला असतो, घड्याळातल्यासारखा नखानं काढता येत नाही. ओळखीच्या रिपेअरवाल्यानं दहा मिनिटांत बदलून दिला, तेव्हापासून त्रास नाही. घेताना सेल बदललाय का हे आधी विचारा. भाषेचंही बघा : जपानी कार्ट्रिजमध्ये नायक सरळ ‘देव’ आहे आणि शत्रू ‘सैतान’, अमेरिकेच्या आवृत्तीत त्यांचे ‘मास्टर’ आणि ‘टान्झ्रा’ झालेत. जपानी येत नसेल तर अमेरिकेची बरी.

एवढी यातायात करायची तयारी असेल तर मी मूळ गेमच सुचवीन. शेवटी देवदूत तुम्हाला पुन्हा सगळ्या गावांवरून नेतो, आणि देवळं रिकामी असतात. लोक सुखात आहेत, त्यांना आता मागायला यायची गरज उरलेली नाही. सगळी गावं स्वतः शांतपणे वाढताना बघितलेली असली की ती रिकामी देवळं फार आत पोचतात.

आणि तयारी नसेल तर नवा घ्या, काही बिघडत नाही. अवघडपणा सर्वांत खाली ठेवा म्हणजे वेढे लवकर उरकतात, आणि फिलमोरला पोचायच्या आधी संगीत मूळ आवाजावर लावून ठेवा.